उंची कमी, गिअर लांब: सेटिंग करूनही नडगी पुन्हा का दुखते?

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात मोटारसायकल कामासाठीच घेतली जाते. दुधाचे कॅन, शाळेची नोकरी, उद्यमबागेतल्या कारखान्यातली पाळी, शेताकडची फेरी, सगळं तिच्यावरच. ज्यांची उंची सव्वापाच फुटांच्या आत आहे त्यांची तक्रार ठरलेली असते: "डावी नडगी दुखूलालीय, गिअर नीट पडंना झालाय, ब्रेकवर पाय ठेवायचा तर अख्खा उचलायला लागतो." गॅरेजला नेली की मिस्त्री गिअरची लिव्हर तिच्या दातेरी दांड्यावर (शाफ्टवर) एक दात वर नाहीतर खाली करून देतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.

माझी उंची पाच फूट दोन इंच, बुटाचा नंबर पाच. बेळगाव-खानापूर रस्त्यावर रोजचं जाणं-येणं असल्यानं हा प्रश्न मला स्वतःला पुरेपूर भेडसावलेला आहे. ओळखीतल्या ठेंगण्या माणसांच्या गाड्या, विशेषतः बाईक चालवणाऱ्या बायकांच्या, आता मी आवडीनं लावून देते. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. दुखणं लिव्हरजवळ जाणवत असलं तरी त्याचं मूळ बहुतेक वेळा सीट, शॉकअप, बूट किंवा फूटरेस्ट यांत असतं. त्यातलं काही बदललं की लिव्हरचं सेटिंग आपोआप चुकतं. म्हणून लिव्हरला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

आधी तपासा: दोष पायाचा की गाडीचा?

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा. एका हातानं मागचं चाक फिरवत दुसऱ्या हातानं गिअर लिव्हर दाबून सगळे गिअर टाकून बघा. चाक फिरवणं गरजेचं आहे, कारण थांबलेल्या चाकावर आतले दात समोरासमोर येतात आणि चांगला गिअरबॉक्सही अडल्यासारखा वाटतो. हातानं सगळे गिअर स्वच्छ पडत असतील तर गाडी ठीक आहे, प्रश्न पायाच्या जागेचा आहे. पुढचं सगळं तुमच्यासाठीच.

हातानंही अडत असेल तर सेटिंगच्या मागे लागू नका. क्लचची केबल बघा. हँडलवरच्या क्लचच्या दांडीच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ, म्हणजे केबल ताणली जायच्या आधीची सैल हालचाल, असायला हवा. तो जास्त झाला की क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर जड पडतो आणि माणूस पायाला दोष देत बसतो. दुसरं म्हणजे गाडी कधी डाव्या बाजूला पडली होती का ते आठवा. वाकलेली लिव्हर इंजिनाच्या कव्हरला टेकत असेल तर ती पूर्ण जात नाही आणि दोन गिअरांच्या मध्ये खोटा न्यूट्रल लागतो, म्हणजे कुठलाच गिअर लागत नाही.

अशी लिव्हर गाडीवरच पाइप घालून सरळ करायची सवय आपल्याकडे फार आहे. कृपा करून करू देऊ नका. तो सगळा जोर गिअरच्या शाफ्टवर येतो, ऑइल सील गळायला लागतं आणि दोनपाचशे रुपयांचं काम हजारांत जातं. लिव्हर काढून शिकंज्यात धरून सरळ करायची. ॲल्युमिनियमची असेल तर सरळ करण्याऐवजी बदलायची, कारण ती वाकवताना चिरते आणि ती चीर वरून दिसत नाही.

सीट आणि शॉकअप आधी

सीटच्या उंचीचे आकडे बघून गाडी घेणारे पुष्कळ. स्प्लेंडर प्लसची ७८५ मिलिमीटर, बुलेट ३५० आणि क्लासिक ३५० या दोन्हींची ८०५, मीटिअर ३५०ची ७६५, ॲव्हेंजर २२० क्रूझची ७३७. आकडे खरे आहेत, पण जमिनीला पाय टेकणं आणि गिअरपर्यंत पाय पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मीटिअर, ॲव्हेंजर या गाड्यांवर जमीन सहज लागते. फूटरेस्ट मात्र पुढे असल्यामुळे आखूड पाय ताणूनच ठेवावा लागतो आणि गिअरसाठी ढुंगण सीटवर पुढे सरकवावं लागतं. दिवसभर तसं चालवलं की कंबर बोलायला लागते. उलट स्प्लेंडरवर जमीन जरा लांब वाटली तरी फूटरेस्ट पायाखालीच येतो. गाडी घ्यायला शोरूमला गेलात तर दोन्ही पाय वर घेऊन, मागून कुणाला तरी गाडी धरायला सांगून बसून बघा.

गाडी घेऊन झालेली असेल तर मागच्या शॉकअपकडे बघा. स्प्रिंगखाली खाचा असलेलं कडं असतं, हुकच्या पान्यानं फिरतं. पन्नास-पंचावन्न किलोचं माणूस एकटंच चालवत असेल आणि कडं वरच्या खाचेवर असेल, तर गाडी तुमच्या वजनानं बसतच नाही. सगळ्यात मऊ खाचेवर आणा, दोन्ही बाजूंना सारखं. मागे माणूस किंवा पोतं न्यायचं असेल तेव्हा परत वर घ्यायला विसरू नका.

सीट कापून घेणार असाल तर शहापूर, वडगावकडच्या कुशनवाल्यांना एक गोष्ट बजावून सांगा: उंची थोडीच कमी करा, पण पुढच्या दोन्ही कडा घासून सीट अरुंद करा. मांड्या पसरल्या नाहीत की पाय सरळ खाली जातो आणि जमीन जवळ येते. फोम दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त काढला तर खालचा पत्रा टोचतो.

आता मुद्द्याची गोष्ट. सीट दोन सेंटिमीटर खाली आली म्हणजे तुमचं ढुंगण फूटरेस्टच्या तेवढं जवळ आलं. गुडघा जास्त दुमडतो, नडगीचा कल बदलतो, आणि पाऊल फूटरेस्टवर आडवं ठेवायला घोट्याला वेगळा कोन घ्यावा लागतो. काल बरोबर असलेली लिव्हर आज चुकीची ठरते. सीटवाला हे सांगत नाही, कारण ते त्याचं काम नाही. मिस्त्री विचारत नाही, कारण सीट बदललेली त्याला ठाऊक नसते. "लिव्हर लावून घेतली, पंधरा दिवसांत पुन्हा दुखायला लागलं" असं सांगणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते: मधल्या काळात सीटला, शॉकअपला किंवा बुटाला काय केलंत?

बूट

पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे गमबुटाशिवाय चालत नाही. गमबुटाचा चवडा साध्या बुटापेक्षा जाड. साध्या बुटावर लावलेली लिव्हर गमबूट घातल्यावर खाली वाटते, पाऊल तिच्याखाली शिरतच नाही आणि दुसऱ्यावरून तिसरा टाकताना गिअर हुकतो. उन्हाळ्यात चपलेवर तीच लिव्हर वर वाटते. यावर माझ्याकडे दुसरा उपाय नाही: जे पायताण वर्षात जास्तीत जास्त दिवस घालता त्यावरच सेटिंग करा आणि सेटिंग करताना तेच घाला. जमीन गाठायला जाड तळव्याचे बूट घेणाऱ्यांनी हे आणखी लक्षात ठेवावं, कारण तळवा वाढला की ब्रेक आणि गिअर दोन्ही जागा सोडतात.

फूटरेस्ट आणि मोजमाप

स्प्लेंडरसारख्या गाड्यांत दोन्ही फूटरेस्ट इंजिनाखालच्या एकाच दांडीला असतात. गाडी पडली की ती दांडी वाकते आणि एका बाजूचा फूटरेस्ट मागे किंवा वर जातो. गाडीसमोर बसून दोन्ही बाजू डोळ्यांनी जुळवा. वाकलेल्या दांडीवर लिव्हर लावत बसण्यात अर्थ नाही. रबर झिजून गोल झालं असेल तर पाय घसरतो, तेही बदला. फूटरेस्ट खाली घेणारे ब्रॅकेट मिळतात, पण त्यांचा उपयोग लांब पायांच्या माणसांना. आपल्याला त्यांनी उलट त्रास होतो आणि वळणावर फूटरेस्ट रस्त्याला लवकर टेकतो.

आता एक माप घ्या. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण गॅरेजात ते कुणी घेत नाही. रोजचा बूट घालून सीटवर बसा, टाचेचा पुढचा कोपरा फूटरेस्टला लागेल असं पाऊल ठेवा. बुटावर अंगठ्याच्या मुळाशी खडूनं खूण करा. फूटरेस्टच्या मध्यापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. मग फूटरेस्टच्या मध्यापासून लिव्हरच्या रबराच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही जवळपास सारखी असतील तर लिव्हर वर-खाली करून काम होईल. लिव्हर एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त पुढे असेल तर तुमचं पाऊल आखूड पडतंय. मग वर-खाली कितीही करा, गिअर बोटांच्या टोकानंच उचलला जाणार. नडगीपुढचा जो स्नायू पाऊल वर उचलतो तो त्यानं थकतो, आणि दुखतं तिथंच.

कमी उंचीच्या माणसाचं पाऊलही बहुधा लहान असतं. कारखान्यात लिव्हरची लांबी मधल्या पायाला धरून ठरते. म्हणजे आपला खरा प्रश्न पुष्कळदा उंचीचा नसून पुढच्या लांबीचा असतो. त्याला उपाय म्हणजे आखूड लिव्हर, किंवा टोक पुढे-मागे सरकवता येणारी लिव्हर. तशा तयार मिळतात. आपल्याला आणखी एक सोय आहे: उद्यमबागेत लेथवाल्यांची कमी नाही. टोकाचा खुंटा मागे सरकवून नवीन भोक, नवीन आटे, हे काम चांगला कारागीर नीट करतो. फक्त गाडी न नेता लिव्हर काढून न्या, आणि वेल्डिंग लिव्हरवरच, शाफ्टवर कधीच नाही.

टाच-चवडा अशा दोन टोकांच्या लिव्हरचं वेगळं आहे. लहान पावलाला ती दोन टोकं लांब पडतात. टाचेनं दाबायला पाय मागे, चवड्यानं दाबायला पाय पुढे, असं पाऊल फूटरेस्टवर सतत सरकत राहतं. ज्या गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर आहेत तिथं एकाच टोकाची लिव्हर बसवून चवड्यानं उचलायची सवय लावली तर बरं पडतं. स्प्लेंडरचे चारही गिअर मात्र पुढे दाबून पडतात आणि मागे टाचेनं उतरतात. तिथं मागचं टोक काढलं तर प्रत्येक गिअर उतरवताना लिव्हर खालून उचलावी लागेल. म्हणून तिथं दोन्ही टोकं ठेवा आणि मागचं टोक टाचेच्या जवळ येईल अशी लिव्हर शोधा.

लिव्हर लावणं

आता पाना हातात घ्या. लिव्हर थेट शाफ्टवर असेल तर बहुतेक ठिकाणी दहाच्या पान्याचा बोल्ट असतो. तो नुसता सैल करून लिव्हर ओढू नका, पूर्ण बाहेर काढा. शाफ्टला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो, म्हणून सैल बोल्टावर लिव्हर निघत नाही आणि माणूस हातोडी घेतो. काढण्याआधी शाफ्टवर आणि लिव्हरवर रंगाची एक रेघ मारून ठेवा.

एका दातानं टोक दीड-दोन सेंटिमीटर हलतं, म्हणजे एकदम पुष्कळ. खूपदा एक दात वर जास्त होतो आणि एक दात खाली कमी पडतो. मधली जागा हवी असेल तर टोकाचं रबर बदलून जाड किंवा पातळ करता येतं.

लिव्हर आणि इंजिनाच्या मध्ये रॉड असेल तर तुम्ही नशीबवान आहात. रॉडच्या दोन्ही टोकांचे चेकनट (रॉड जागच्या जागी धरून ठेवणारे नट) सैल करा. एका टोकाचे आटे उलटे असतात, तिथं नट उलटा फिरतो. जोर लावून आटे मारू नका. मग रॉड मधोमध धरून फिरवला की लिव्हर हळूहळू वर-खाली होते. रॉडच्या जाडीइतके आटे तरी दोन्ही टोकांना आत राहिले पाहिजेत. रॉड आणि तो जिथं जोडलाय तो शाफ्टवरचा हात यांच्यात साधारण काटकोन राहील असं बघा. तो फार बिघडला की पायाचा अर्धा जोर वाया जातो आणि गिअर जड वाटतो.

जागा बरोबर आहे हे कसं ओळखायचं? गाडी स्टँडवरून खाली, तुम्ही स्वतः सीटवर, दोन्ही पाय फूटरेस्टवर, गाडी दुसऱ्यानं धरलेली. स्टँडवरच्या गाडीवर मिस्त्रीनं स्वतः बसून लावलेलं सेटिंग त्याच्या पायाचं असतं. सरळ सांगायचं, "मामा, मी बसतो, तुम्ही धरा, माझ्या पायाला लावूया." चांगला माणूस कधी नाही म्हणत नाही. टाच फूटरेस्टवरून न उचलता चवडा लिव्हरखाली शिरला पाहिजे, आणि घोटा थोडासाच वळवून गिअर पूर्ण पडला पाहिजे.

सेटिंग टिकत नसेल तर बोल्टाजवळची फट बघा. लिव्हरच्या गळ्याला एक चीर असते, बोल्ट आवळला की ती दाबली जाते आणि लिव्हर शाफ्टला चिकटून बसते. जुन्या लिव्हरमध्ये ती चीर पूर्ण मिटलेली असते. मग बोल्ट कितीही आवळा, पकड येत नाही, लिव्हर हलते आणि दात खाऊन टाकते. पत्र्याचा तुकडा घालून काम भागवतात, ते चार दिवसांचं. नवीन लिव्हर घ्या. बोल्टाला स्प्रिंग वायसर आणि आटे न सुटू देणाऱ्या निळ्या द्रवाचा एक थेंब पुरे.

ब्रेक: इथं घाई नको

गिअर चुकला तर गाडी झटका खाईल. ब्रेक चुकला तर चोर्ला घाटात जीव जाईल. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

आपल्याला पेडल थोडं खाली हवं असतं, कारण वर असलं की उजवा पाय नकळत त्यावर टेकून राहतो. मग मागच्या ब्रेकचा लायनर घासत राहतो, मागचा दिवा पेटलेला राहतो, मागून येणारा तुम्ही थांबताय असं समजतो, आणि लांब उतारावर तापलेला ड्रम ऐन वेळी पकडत नाही. पेडल खाली घ्यायला जवळच पेडलला वर अडवणारा बोल्ट आणि त्याचा चेकनट असतो. पण हे समजून घ्या: त्या बोल्टानं पेडल खाली आणणं म्हणजे गाडीनं स्वतःच ब्रेक थोडा दाबून धरणं. म्हणून लगेच मागच्या ड्रमजवळचा नट सैल करून पेडलचा मोकळा खेळ परत आणा. बहुतेक ड्रम ब्रेकच्या गाड्यांत तो २० ते ३० मिलिमीटर असतो, तुमच्या गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा असतो. मागचं चाक हातानं फिरवा, कुठंही न घासता फिरलं पाहिजे. मग पेडल पूर्ण जोरानं दाबा. ते सायलेन्सरला किंवा ब्रॅकेटला टेकण्याआधी चाक घट्ट अडलं पाहिजे.

मग दिव्याचा स्विच. त्याला स्प्रिंग आणि प्लॅस्टिकचा नट असतो. स्विच हातानं स्थिर धरून नट फिरवायचा. स्विचच फिरवला तर आतली वायर तुटते. पेडलचा मोकळा खेळ संपताना, ब्रेक लागायच्या जरासा आधी, दिवा लागायला हवा.

मागे डिस्क असेल तर पेडलची उंची मास्टर सिलिंडरमध्ये (ब्रेकचं ऑइल दाबणाऱ्या नळकांड्यात) जाणाऱ्या रॉडवर ठरते. हा रॉड जास्त लांब झाला की आतला पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइलला टाकीत परतायची वाट बंद होते. ऑइल तापून फुगतं आणि ब्रेक आपोआप आवळत जातो, शेवटी चाक जाम. रॉडला थोडा मोकळा खेळ राहिलाच पाहिजे. हे काम पहिल्यांदा करताना जाणत्या मिस्त्रीला शेजारी उभं करा.

ब्रेक पुन्हा पुन्हा बिघडण्याचं एक कारण गॅरेजातच तयार होतं. चेन ओढली की मागचं चाक मागे जातं. त्याबरोबर ड्रमचा हातही मागे जातो आणि ब्रेकच्या रॉडचा खेळ कमी होतो. तुम्हाला वाटतं पेडल वर आलं, कडक झालं. चेन ओढून आणलीत की दर वेळी ब्रेकचा खेळ आणि दिवा बघा.

दुसरं कारण आपली लाल माती. खानापूर भागात पावसात पेडलच्या बिजागरीत चिखल शिरतो, वाळतो, गंज धरतो आणि पेडल परत वर येत नाही. पिन काढून, धुऊन, ग्रीस लावून बसवा. नुसतं वरून ऑइल सोडलं तर त्याला माती आणखी चिकटते.

करून बघणं

रिकाम्या रस्त्यावर आधी चालायच्या वेगात मागचा ब्रेक. मग गिअर वर, गिअर खाली, विशेषतः गतिरोधकाच्या आधी दुसऱ्यावरून पहिल्यावर येणं, कारण ठेंगण्या माणसाचा खोटा न्यूट्रल बहुधा तिथंच लागतो. पाच-सहा किलोमीटरनंतर थांबा, मागच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा, हात लावू नका. तिथून नुसती धग जाणवली तरी ब्रेक घासतोय. दोन दिवसांनी सगळे बोल्ट परत एकदा आवळा.

एकाच गाडीवर आई आणि मुलगा, किंवा नवरा-बायको दोघंही बसत असतील, तर सेटिंग ठेंगण्या माणसाच्या पायाला करा. लांब पायाच्या माणसाला थोडं अवघडल्यासारखं होईल, पण त्याचा पाय पोचतो. ठेंगण्याचा पोचतच नाही. रॉडची लिव्हर असेल तर रॉडवर दोन रंगांच्या दोन खुणा करून ठेवा, एक तुमची, एक त्यांची, म्हणजे दोन पान्यांचं पाच मिनिटांचं काम राहतं. ब्रेकचं पेडल मात्र दोघांसाठी एकाच जागी ठेवा, रोज हलवू नका.